पाणी सरकलं, खांब राहिला

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात मोजणी खात्यात नोकरीला होते. खात्यात बायका मोजक्या आणि माझा आवाज मोठा, त्यामुळं मला सगळे ओळखत.

त्या सुमारास दक्षिणेकडच्या एका नदीवर दोन राज्यांची एकत्र मोजणी निघाली. अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं कर्नाटक. पण कागदावर हद्द होती ती नावेच्या खांबाची. जुन्या काळी दोन संस्थानांनी आपसात ठरवलेलं, की खांबाच्या पुढचं नदीसकट पलीकडच्यांचं, मागचं अलीकडच्यांचं. राज्यांनी तेच पुढं चालवलं. खांब सागवानी, चुना फासलेला, वर कंदील अडकवायला आकडी. अंधारात नाव कुठं लावायची ते नावाड्याला कळावं, एवढंच त्याचं काम. पुढं पूल झाला आणि नाव बंद पडली.

खांब जागेवर राहिला, नदी मात्र पलीकडं सरकली. मधे गाळाची काळीभोर जमीन, मळी म्हणतात ती, उघडी पडली. ती माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, कसत होती. तिच्या वांग्यांसाठी बाजारात गिऱ्हाईक थांबून असायचं. तिचा नवरा नावाडी. पूल झाला त्याच साली तो गेला आणि तिचं घर त्या मळीवरच चाललं. आता करार वाचावा तर मळी खांबाच्या पुढं, म्हणजे कर्नाटकात. घरचंच प्रकरण म्हणून मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. ते मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

"साहेब, हा खांब नावेसाठी होता, हद्दीसाठी नाही," मी म्हणाले.

कर्नाटकचे अधिकारी सभ्य गृहस्थ, मराठी छान बोलायचे. "बाई, करारात खांब लिहिलाय. मी काय करू?"

मी कंबर कसून भांडणार तेवढ्यात आत्ती आली. हातात नारळ, काखेत पहार, खांद्यावर दोर.

"पूर उतरला की खांब पाण्याकाठी न्यायचा, ह्यो आमच्या घरचा मान हाय," ती म्हणाली. "मालक हुते तवर दरसाल न्हेत हुतो की. मागनं ऱ्हाऊन गेलं. आज न्हेतो."

मी चाटच पडले. म्हणजे करार झाला तेव्हा खांब कायम पाण्याला लागून असायचा. हद्द पाण्याबरोबर चालत होती, आणि ते लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

"तुम्ही एकट्यानं हलवलात तर आम्ही मानणार नाही," अधिकारी म्हणाले.

"एकटी कशी हलवीन? दोराचं दुसरं टोक पल्याडच्या नावाड्याचं असतंय. निरोप धाडलाय."

आणि पुलावरनं सायकल ढकलत तो म्हातारा आला. अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन कन्नडमध्ये समजावलं, खांब इथंच राहिला तर मळी आपल्या बाजूला येईल. मला कन्नड कळतं, म्हणून मी जवळ सरकले. म्हातारा बोलला ते मात्र मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मळी आली, मग अक्कानं काय खायाचं?"

त्यानं चपला काढल्या आणि दोर धरला. नारळ फुटला. आमचे शिपाईही लागले. अर्ध्या वाटेत खांब वांग्यांच्या सरीत अडकला, तेव्हा अधिकाऱ्यांनी नकाशा माझ्या हातात दिला, विजार दुमडली आणि मागनं खांदा लावला. पाण्याकाठी खांब उभा राहिल्यावर हात धुऊन त्यांनी तिथूनच मोजायला सुरुवात केली. मला त्यांचा फार अभिमान वाटला, परके असूनही.

म्हातारा दोर गुंडाळत होता. "अक्का, इतकी वर्सं मला का बलावलं न्हाईस? येवढी मळी जाईस्तोवर गप बसलीस?"

आत्तीनं खांबावर हात ठेवला.

"मालकांनी शेवटचा हुबा केलेला हुता, दादा. मला उपटवंना झालता."