देल्मिरा प्रोफे आणि धरलेलं मनगट

देल्मिरा प्रोफे, म्हणजे आमच्या देल्मिरा बाई, शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. आमच्या पिलार गावातली टवाळ पोरं त्यांना ‘फौजदारीण’ म्हणायची. ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही त्यांना चित्रांच्या पाट्या करून द्यायच्या आणि त्यावरून बोलायला शिकवायचं, हे त्यांचं काम. पाटी टेकवायचे घोडे, खुर्चीचे चिमटे मी करून द्यायचो. मी सायकली दुरुस्त करतो, पण लोखंड वाकवायचं म्हटलं की अख्खं गाव माझ्याच डोक्यावर येऊन बसतं.

एकदा मी विचारलंच, “प्रोफे, हात काय गहाण ठेवलेत?”

“अहो विल्फ्रिदो, हे हात फार बोलके आहेत,” त्या म्हणाल्या.

तरुणपणी त्यांनी एका पोराचा हात धरून त्याला अक्षरांच्या पाटीवर बोलतं केलं होतं. दोन वर्षं तो लिहायचा, ‘प्रोफे, तुम्ही मला आवडता.’ मग एकदा प्रोफेंचे डोळे आले, डोळ्यांना पट्टी बांधली, आणि त्या दिवशी पोराचं बोट नुसतंच भरकटत राहिलं. “तो कधी बोललाच नव्हता हो. मीच माझ्याशी बोलत होते, आणि माझा मला पत्ता नव्हता.” हे सांगताना त्या रडल्या. मी आपला चाक फिरवत बसलो.

नीदिया त्यांच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. हातपाय तिच्या ताब्यात नव्हते, तोंडातून फक्त हुंकार यायचा. बाप ब्युनोस आयर्सला बांधकामावर. घरात आई झुनिल्दा आणि ओतिलिया आत्या. आजी दियोनिसिया वारली आणि महिन्याभरात आत्याने पोरीचं मनगट धरून तिचं बोट अक्षरांच्या पाटीवर ठेवलं. बोट सरसर फिरलं: ‘ओति, मी तुझी आई. मी इथंच आहे.’

गावाचे डोळे पांढरे झाले. पोरीला एक अक्षर कुणी शिकवलं नव्हतं! दुपारी सगळं गाव झोपतं, त्या वेळेला लोक मागच्या दाराने आजीला प्रश्न विचारायला येऊ लागले. मीही गेलो होतो, खोटं कशाला बोलू? माझी वारलेली बायको कशी आहे विचारलं. बोट म्हणालं, ‘सुखात आहे.’ मी वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपलो.

हे असं चौदा महिने चाललं. मग पोरीला घेऊन झुनिल्दा प्रोफेंकडे आली तीही कशासाठी, तर म्हणे, “सासूबाईंना अक्षरं बारीक पडतात. मोठी पाटी करून द्या.” कपाळ माझं!

प्रोफेंनी पाटी करून दिली. मग म्हणाल्या, “एक गंमत करू.” त्यांनी नीदियाला एक चित्र दाखवलं आणि आत्याला दुसरं. एकीचं दुसरीला दिसू दिलं नाही. पोरीच्या चित्रात लिंबू होतं, आत्याच्या चित्रात कंगवा. मी घोड्याचा नट आवळत होतो, म्हणून दोन्ही मला दिसली.

“नीदिया, तू काय पाहिलंस?”

आत्याने मनगट धरलं. बोट फिरलं: ‘कंगवा.’ आणि ते तिथं थांबलं नाही. ‘ओति, ही बाई मला हाकलतेय.’ पोर भिंतीकडे बघत होती. पाटीवर नजर होती ती आत्याची, आणि तिचे ओठ प्रत्येक अक्षराच्या जरा आधी हलत होते.

“मी नाही हलवलं!” आत्या किंचाळली. “आईची शपथ, मी नाही!”

ती खोटं बोलत नव्हती. म्हणून तर जास्त भीती वाटली.

“खरंय, तुम्हाला कळत नाही,” प्रोफे हळूच म्हणाल्या. “पण आजपासून हिला कुणी धरायचं नाही. हिला स्वतःचं काही सांगायचं असेल.”

झुनिल्दा भडकली. “एवढ्याशा पोरीला काय सांगायचं असणार? घरातलं माणूस तुम्ही दुसऱ्यांदा मारताय! काकुपेच्या यात्रेपर्यंत बघते. तोवर ही बोलली नाही, तर सासूबाई परत येतील आणि तुम्ही पुन्हा आमची पायरी चढायची नाही.”

पोरीची फक्त डावी टाच तिचं ऐकायची. मी त्या टाचेखाली सायकलची घंटा बसवली. प्रोफे एकेका चित्राचं नाव घेत, हवं ते आलं की नीदियाने टाच दाबायची. एकोणीस दिवस घंटा गप्प. आत्या कोपऱ्यात बसायची. तिचा उजवा हात तिच्या मांडीवर आपला आपण अक्षरं गिरवत असायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही. मीही बघायचं टाळलं.

विसाव्या दिवशी, यात्रेच्या आदल्या दुपारी, मी एक सैल स्क्रू आवळायला गेलो होतो. बाहेर चिटपाखरू नाही. त्या वेळेला पोरं पळवणारा जासी जातेरे फिरतो, म्हणून सगळी पोरं दाराआड. झुनिल्दाचं बोचकंही बांधून तयार होतं.

“पाणी,” प्रोफे म्हणाल्या. “आई. खेळ. हात.”

ट्रिंग.

“चुकून लागली असेल,” झुनिल्दा पुटपुटली. प्रोफेंनी चित्रांचा क्रम बदलला. “हात. आई. पाणी—” पण घंटा ‘हात’लाच वाजून गेली होती. त्यांनी दुसरी पाटी उचलली. “हात काय? धुवायचा? हलवायचा? दुखतो?”

ट्रिंग.

आत्याचा हात मांडीवर एकदम थांबला.

“पण ती रडायची ना,” झुनिल्दा म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. “आत्याने धरलं की दर वेळी रडायची. मी विचारायचे, सासूबाई, पोर का रडते? आणि बोट लिहायचं, ‘आनंदाने.’”

मी बायकोचं विचारलं त्या दुपारीही पोर रडली होती. मी माझ्या रुमालाने तिचे डोळे पुसले होते, आणि पुढचा प्रश्न विचारला होता.

झुनिल्दा लेकीच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. नऊ वर्षांत तिने पहिल्यांदा तिलाच विचारलं.

“चौदा महिने दुखत होता, बाळा?”

ट्रिंग.