आता बोला

आमच्या घरी एक मालिका राहायची. टीव्हीवर रोज संध्याकाळी लागायची, पण राहायची आमच्याच घरात. तिचं नाव लिहीत नाही. तिच्यातल्या सुनेची स्मृती आजवर दोनदा गेली आहे आणि सासू एकदाही सुधारलेली नाही, एवढ्यावरून ज्यांना ओळखायची ते ओळखतील. माझी बायको धामणगाव बढेच्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, शिकवायची खोड सुटली नाही. तिने या मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप काढला. मी तहसिलीतला कारकून, आयुष्यभर लोकांना रांगेत उभं करत आलो. पण न पाहिलेल्या माणसांना तिने फोनवरून जी शिस्त लावली, ती मला काउंटरवर बसून कधी लावता आली नाही.

तिचे नियम ग्रुपच्या माथ्यावर लावलेले असायचे. सकाळी गुलाबाची फुलं आणि देवांचे फोटो पाठवायचे नाहीत. सासूला हव्या तितक्या शिव्या द्या, पण सासूचं काम करणाऱ्या बाईला एक शब्द बोलायचा नाही, तीही कोणाची तरी लेक आहे. नुसता अंगठा दाखवून पळायचं नाही, पटलं तर का पटलं ते लिहायचं. मी चिडवायचो की एवढे नियम पाळून कोण मालिका पाहणार, त्यापेक्षा शाळेत नाव घातलेलं बरं. ती म्हणायची, तुम्ही तुमचे सातबारे सांभाळा.

मुख्य नियम मात्र लाईटीचा होता. पुण्याकडच्या बायका संध्याकाळीच भाग पाहून मोकळ्या होत आणि बोटं शिवशिवायला लागत. आमच्याकडे नेमकी त्याच वेळी लाईट जाते. संग्रामपूरची, हिवरा आश्रम गावची मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारचा रिपीट पाहत. म्हणून रिपीट संपेपर्यंत भागाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्यातही ज्याचं सगळ्यात उशिरा पाहून होईल, त्याने ‘आता बोला’ असं लिहायचं आणि मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. आमच्या गावची लाईट अशी की सगळ्यात उशिरा बहुतेक हिचंच व्हायचं. फोनवर भाग पाहायला ती तयार नसे, माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणायची. मागे एकदा आमच्या भागातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी बसेपर्यंत अख्खा ग्रुप मुका होता. रविवारी आठवड्याचे सगळे भाग एकदम दाखवतात ते हिने पाहिले, ‘आता बोला’ लिहिलं, आणि मग फोन तापेपर्यंत बोलणं चाललं.

आणखी एक नियम होता. एका सभासद बाईचे सासरे वारले, तेव्हा दिवसभर ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आणि श्रद्धांजल्या पडत राहिल्या. ती बाई बिचारी प्रत्येकाला धन्यवाद लिहीत बसली. हिला ते पाहवलं नाही. तिने लिहून टाकलं की कोणाच्या घरचं कोणी गेलं तर ग्रुपवर काही टाकायचं नाही. फोन करायचा, जमलं तर घरी जाऊन बसायचं. मला म्हणाली, “बोटानं हात जोडून काय होते? दुखवट्याच्या घरी मानूस लागते बसाले.”

एका सकाळी तिने चहा ठेवला, अंगात कसंतरी होतं म्हणून खाली बसली आणि उठलीच नाही.

नंतरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. लोक आले, बसले, गेले. मी धीराचा आहे असं सगळे म्हणाले. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. कोणी ताट पुढे केलं की जेवायचो, कोणी झोपा म्हटलं की आडवा व्हायचो. चहा गरम आहे की गार हे कप रिकामा झाल्यावरही सांगता आलं नसतं. मुलगी रडायची आणि मधूनच माझ्याकडे पाहायची. तिला माझी भीती वाटत असावी. मला मात्र माझी भीतीही वाटत नव्हती.

तेरवी झाली. मुलगी पुण्याला परत निघाली, तेव्हा कपाटातून आईचा फोन काढून तिने चार्जिंगला लावला. त्या सकाळपासून तो तसाच बंद पडला होता. नंबर ठेवायचा की बंद करायचा ते तुम्ही ठरवा, म्हणाली. ग्रुपवर कळवू का, असंही तिने विचारलं. मी नको म्हणालो. हिचाच नियम होता आणि हिच्यासाठीच तो मोडायचा हे मला पटेना. पण मग त्यांना कळणार कसं, असं ती जाताना म्हणाली. तिचं बरोबर होतं. चार वर्षं रोज हिच्याशी बोलणाऱ्या माणसांना ती गेल्याचं ठाऊक नव्हतं, आणि सांगायला मीच उरलो होतो.

फोन सुरू झाला. मला वाटलं होतं, एव्हाना ढीगभर बोलणं झालं असेल, कोणी तरी दुसरंच पुढारी झालं असेल. जगाची रीतच आहे, कोणावाचून काही अडत नाही. मी जरा घुश्श्यातच ग्रुप उघडला. हिच्या शेवटच्या ‘आता बोला’ खाली त्या दिवशीचं बोलणं होतं, सासूचा उद्धार होता. त्यापुढे मोजकेच निरोप होते.

“ताई, लाईट आली का?”

“ताईकडं लाईट नसन. थांबा.”

“फोन बी बंद लागून राह्यला. डीपीच जळाली असन मागच्यासारखी.”

“मग रविवारपर्यंत कोणी बोलू नका.”

एक रविवार गेला होता. त्यानंतर कोणीतरी लिहिलं होतं की नवी डीपी मिळायला आमच्याकडे वेळच लागतो. पुण्याच्या एका बाईने विचारलं होतं की आता तरी बोलायचं का, आणि तिला तिघींनी दटावलं होतं. मालिकेत सुनेला खोट्या आरोपात पोलीस घेऊन गेले होते, एवढी मोठी घटना, आणि ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळे आमच्या घरी लाईट यायची वाट पाहत होते.

मी फोन हातात धरून बसलो. काहीतरी वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण आतून काही हललं नाही.

लिहिणं नियमात बसत नव्हतं, म्हणून फोन केला. संग्रामपूरच्या एका बाईचा नंबर वर होता, दटावणाऱ्यांत ती पुढे होती. तिने उचलताच विचारलं, “ताई, आली का लाईट?”

मी तिला सांगितलं की मी ताईंचा नवरा बोलतोय, लाईट होतीच, ताई गेली. पलीकडे कुठेतरी पंखा फिरल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली की ग्रुपवर काही टाकू नका, मी एकेकाला फोन करते.

त्याच आठवड्यात ती मंडळी आली. संग्रामपूरची बाई नवऱ्याला घेऊन आली, हिवरा आश्रमाकडचे एक वयस्कर गृहस्थ आले, ज्यांना मी आजवर बाईच समजत होतो, आणखी दोघी मेहकरच्या बाजूच्या आल्या. कोणी कोणाला आधी पाहिलेलं नव्हतं. पाणी प्यायले आणि सतरंजीवर बसून राहिले. कोणी मालिकेचा विषय काढला नाही, ग्रुपवर एकही जोडलेला हात पडला नाही. तिच्या शिस्तीत ते बसले होते.

निघायच्या वेळी मीच म्हणालो की माझ्यापायी अडून राहू नका, ग्रुप सुरू करा. संग्रामपूरच्या बाईने नाही म्हणून मान हलवली.

“ज्याची लाईट सगळ्यात उशिरा येते, त्यानं म्हनाव ‘आता बोला’. ताईचाच नियम हाय, भाऊजी. तुमच्या गावची लाईट तर तुमाले ठाऊकच हाय.”

मी म्हणालो की मी मालिका पाहत नाही. “मंग पाहा,” ती म्हणाली. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत आणि घरच्यानेही ‘या’ म्हणायचं नसतं. ती सगळी तशीच, न बोलता चपला घालून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्ही लावला. पडद्यावर धूळ बसली होती ती आधी पुसली. हिच्या खुर्चीत बसलो नाही, शेजारी स्टूल ओढून घेतलं. सून कोर्टात उभी होती, सासू साक्षीला आली होती. कोण कोणाचं काय लागतं हे मला धड कळत नव्हतं. वकिलाने सासूला विचारलं, ती तोंड उघडणार तेवढ्यात लाईट गेली.

मी तसाच बसलो. दुपार कलली, समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकलं, लाईट काही आली नाही. हिचा फोन मांडीवर होता. रिपीट संपून बराच वेळ झाल्यावर पुण्याच्या त्याच बाईने लिहिलं की आज तरी सुरुवात व्हायची का. तिच्याखाली लगेच संग्रामपूरहून उत्तर आलं.

“भाऊजीकडं लाईट नसन. थांबा.”

मग कोणी काही लिहिलं नाही. ती गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. स्टुलावर बसून मी चांगला हुंदके देऊन रडलो. रडून झालं तरी उठलो नाही. सासू काय बोलणार होती ते पाहायचं राहिलं होतं, आणि माझ्यासाठी सगळे थांबले होते.