कंदल आणि कांदळ

सौदी अरेबियातल्या यान्बूच्या एका कंपनीत मी अठरा वर्षं पाइपांची ड्रॉइंगं काढली. मग एक दिवस शेजारच्या टेबलावर एक सौदी तरुण येऊन बसला. त्या वर्षांत बऱ्याच कचेऱ्यांत हेच चाललं होतं. परदेशी माणसाने काम शिकवायचं आणि सौदी माणसाने ते हाती घ्यायचं. तरुण हुशार होता, संगणकावर माझ्या दुप्पट वेगाने काम करायचा. त्याचा राग यावा म्हणून मी थोडा प्रयत्नही केला, पण तो रोज सकाळी माझ्यासाठी घरचे खजूर आणायचा, त्यामुळे ते काही जमलं नाही.

माझा शेवटचा महिना सुरू झाला तेव्हा त्याने विचारलं, "तुम्ही हाताने, शाईने चित्र काढू शकता ना?"

"पाइपाचं."

"आणि झाडाचं?"

त्याची थोरली बहीण वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर होती. तांबड्या समुद्रात, पार दक्षिणेला फरसान बेटं आहेत. तिथल्या एका झाडाचं शास्त्रीय वर्णन त्या लिहीत होत्या. देशात ते झाड अगदी थोड्या ठिकाणी उरलं होतं. वर्णनासोबत पान, फूल, फळ, मूळ असं सगळं मापात काढणारा माणूस त्यांना हवा होता. महिन्याभरात माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्या कफीलच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाच्या नावावर गेला. त्यांच्या प्रकल्पाची रोपवाटिका हाच माझा कफील. व्यवसायाच्या रकान्यात 'नर्सरी कामगार' असं आलं. बायको हसून म्हणाली, "आता गॅलरीत दोन मिरच्या तरी लावा."

सुरुवातीला डॉक्टरबाईंनी कागदावर चिकटवलेली एक वाळकी फांदी दिली. मी चार दिवस खपून ती काढली. प्रत्येक शीर जागच्या जागी. त्यांनी भिंग लावून चित्र पाहिलं आणि विचारलं, "पानाच्या टोकाचा काटा कुठे गेला?"

"तो डाग वाटला मला. म्हणून सोडला."

"अहो, त्या काट्यावरूनच झाडाचं शास्त्रीय नाव पडलंय. तुम्ही झाडाचं नावच खोडलंत!" त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. मग म्हणाल्या, "वाळकं बघून नाही जमायचं. बेटावर चला."

बेटांसमोरच्या जिझान बंदरातून बोटीने आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाई, मी आणि त्यांचे वडील. वडील मूळचे त्याच बेटावरचे, सत्तरीचे, कुठेही निघाले तरी हातात कहव्याचा थर्मास. खाडीच्या तोंडाशी छोटी होडी थांबली आणि मी बघतच राहिलो. चिखलातून कमानीसारखी उठलेली मुळं, जाड चकचकीत पानं, फांद्यांना लोंबणाऱ्या हिरव्या लांब शेंगा. माझं गाव रायगडच्या खाडीकाठचं. आई अशाच मुळांमधून चिंबोऱ्या काढायची. शेंग भाल्यासारखी फेकायची आणि कुणाची चिखलात ताठ रुतते ते बघायचं, हा आमचा रोजचा खेळ.

"कांदळ!" मी ओरडलो.

म्हातारे गर्रकन वळले. "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"याचं नाव. कंदल."

आम्ही एकमेकांना तो शब्द चार-पाच वेळा म्हणून दाखवला. ते 'कंदल' म्हणायचे, मी 'कांदळ'. शेवटी त्यांनी माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली आणि सगळ्यांत आधी मला कहवा दिला. मग चिखलात उतरलो. डॉक्टरबाईंचे गमबूट पाचव्या पावलाला रुतून बसले. मी अनवाणी, मुळांवर पाय देत पुढे गेलो. "असं चालायचं," म्हटलं, तेव्हा त्यांनीही बूट काढून होडीत टाकले.

दुपारी वडिलांनी खाडीच्या उघड्या टोकाकडे बोट दाखवलं. म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा हे रान पार त्या टोकापर्यंत होतं. आमच्या घराच्या छताला याच झाडाचे वासे. आम्हीच तोडलं. उरलंसुरलं उंट खातात." मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि पडलेल्या शेंगा गोळा करायला वाकले. संध्याकाळपर्यंत दोन पोती भरली.

ती पोती जिझानच्या रोपवाटिकेत गेली. मी यान्बूला परतून चित्रं पूर्ण केली. मुलगी मुळांचं चित्र बघून म्हणाली, "अब्बा, हा तर स्पायडर!" शेंगेचं एक मोठं चित्र मी रोपवाटिकेलाही पाठवलं, कामगारांना बघायला बरं म्हणून.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. "शेंगा उगवत नाहीत. मुकादम म्हणतो, खलास."

मी विमान पकडून गेलो. ओळीने पिशव्या, पिशव्यांत शेंगा आणि जवळजवळ निम्म्या उलट्या! टोकदार मुळाचं तोंड आभाळाकडे, कोंबाचं तोंड चिखलात. मुकादमाने भिंतीवरचं माझं चित्र दाखवलं. कागदावर बसावी म्हणून मी शेंग आडवी काढली होती. माप, ठिपके, सगळं चोख, पण वरची बाजू कोणती याची खूण कुठेच नाही. अठरा वर्षांत प्रवाहाचा बाण न दाखवता मी एकही पाइप काढला नव्हता, आणि इथे तोच विसरलो. मी तिथेच पेन काढून टोकापाशी मोठा बाण काढला आणि अरबीत लिहिलं, 'ही बाजू खाली'. दोन दिवस मुकादम, मी आणि म्हातारे प्रत्येक पिशवीतली शेंग तपासून सुलटी करत बसलो. म्हातारे दर शेंगेला "यल्ला, चल, पाय खाली!" म्हणायचे, आणि रोपवाटिका हसायची.

सगळ्या नाही उगवल्या. पण बऱ्याच उगवल्या. दोन-दोन पानं आली तसं आम्ही त्याच खाडीत कुंपण घालून त्या लावल्या. काही भरतीने नेल्या, तिथे पुन्हा लावल्या. डॉक्टरबाईंचं वर्णन छापून आलं. शेंगेच्या छापील चित्रातही मी मागाहून घातलेला बाण होता, त्यांनी तो पुसू दिला नाही.

दुसऱ्या वर्षी ओहोटीला गेलो तेव्हा म्हातारे सगळ्यांच्या पुढे होते. अचानक त्यांनी आम्हाला हाका मारायला सुरुवात केली. एका रोपाच्या खोडातून बोटाएवढं पहिलं कमानी मूळ फुटलं होतं आणि खाली चिखलाकडे वळत होतं. डॉक्टरबाई कपड्यांची पर्वा न करता तिथेच बसल्या आणि मोजपट्टी मागू लागल्या. मी कागद काढला.