कैलाश मास्तरांचा फटीचा तक्ता

सानगडीच्या शाळेत कैलाश मास्तर गणित शिकवतात आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकट्यापुरतं वरण लावतात. ते दोन दिवस संपत नाही. बायको सत्यवती लेकीच्या शिक्षणापायी नागपुरात राहते. लेक रक्षा आठवीत, आणि तिचं गणित कच्चं. यावर गावात व्हायचे तितके विनोद होऊन गेले. मास्तरांना मात्र त्या कच्चेपणाचं मनातून बरंच वाटायचं. त्यामुळेच तर रोज सात वाजता तिचा फोन यायचा.

फोनच्या आधी मास्तर एक तक्ता काढून, फोटो पाठवून ठेवत. कागदाचे चार खण आणि मधोमध शब्द, समजा 'समांतरभुज चौकोन'. एका खणात अर्थ, दुसऱ्यात गुणधर्म, तिसऱ्यात उदाहरणं, चौथ्यात 'हे नव्हे'. पुस्तकाच्या पानभर पसरलेलं सगळं एका नजरेत. फक्त उदाहरणं आणि अर्थ यांच्या मधली रेघ मास्तर अर्धवट सोडत.

ही खोड त्यांना वर्गातून लागली. पहिल्यांदा तक्ता काढायला दिला तेव्हा अर्ध्या पोरांनी शेतात धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आखावीत तसे खण आखले आणि धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, फट ठेवली.

"रेघ पूर्ण काहून नाही केली रे?"

"मग पाणी खालच्या बांधीत कसं उतरन, सर?"

मास्तर हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पोरं आधी उदाहरणांचा खण भरतात, आणि तो भरला की अर्थ त्यांना आपसूक सुचतो. तेव्हापासून फट कायम झाली.

घरमालकीण जनाबाई तो कागद पाहून म्हणायची, "मास्तर, पोरीले गणित शिकवून राहिले का धानाची रोवणी करून राहिले?"

एके दिवशी फोन आठला आला.

"पप्पा, तो तक्ता नका पाठवू आता."

"काहून बाई? काय झालं?"

"ट्यूशनच्या सरांनी विचारलं, रेघ अर्धी का? मी म्हटलं, पाणी उतरते. सारे हसले. आता मला 'बांधी' म्हणून चिडवतात."

"मी रेघ पूर्ण करून पाठवतो ना."

"इथं छापील मिळतात, पप्पा. रंगीत."

मास्तरांनी तरी चार दिवस पूर्ण रेघेचे तक्ते पाठवले, पट्टी लावून. दोन निळ्या खुणा यायच्या, फोन यायचा नाही. सात वाजता ते फोन चार्जिंगवरून काढून मांडीवर घेऊन बसत. पाचव्या दिवशी तक्ताही काढला नाही.

रविवारी फोन आला. "पप्पा, चाचणीत अठरा! वीसपैकी."

"अरे वा! पण समजलं का? समलंब चौकोन समांतरभुज काहून नाही?"

"त्याची एकच जोडी समांतर असते म्हणून."

बरोबर. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

"आता पुढं काय?"

"समीकरणं."

"अवघड असतात थोडी."

"नाही हो, सोपी आहेत. आई बाहेर वाट बघते आहे. ठेवू?"

"ठेव."

सगळं बोलणं एक मिनिट चाळीस सेकंद. लेकीचं थोडं तरी अडावं असं मनात आणणारा गणिताचा मास्तर अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. ते बाहेर येऊन ओट्यावर बसले.

जनाबाई तांदूळ निवडत होती. "किती पडले पोरीले?"

"अठरा."

"मग तोंड काहून असं करून बसले?"

"दोन गेले ना," मास्तर म्हणाले.

ते दोन कशात गेले हे विचारायचं राहिलंच होतं. तेवढ्यासाठी उद्या आपणच फोन केला, तर तो विनाकारण केल्यासारखा दिसणार नव्हता.