विमानतळ बॅच

"हसत दे गं. पाणी देताना हसायचं," मॅडम कानाशी पुटपुटल्या.

शाळेत त्या दिवशी 'भविष्य दिन' होता. माझ्या अंगात निळा एप्रन, डोक्याला जाळी, हातात ट्रे. समोर इरा. गेल्या वर्षी नववीत माझ्याच बाकावर बसणारी, माझ्या डब्यातली सुकट बोटं चाटत खाणारी इरा. तिच्या हातात ड्रोनचा रिमोट होता. पाहुण्यांना ती काहीतरी समजावून सांगत होती. मान वर न करता तिने ग्लास उचलला आणि म्हणाली, "थँक यू, दीदी."

दीदी. घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईला म्हणते तसं. तिने मला पाहिलंच नाही. एप्रन पाहिला.

वर्षाच्या सुरुवातीला शाळेने जाहीर केलं होतं, घोकंपट्टी बंद, आता भविष्याचं शिक्षण. मी खूश झाले होते. पनवेलची ही मोठी शाळा. आमची भातशेती विमानतळात गेली, म्हणून मला तिथे प्रवेश मिळाला. नाहीतर आमच्यासारख्यांना गेटवरचा वॉचमनसुद्धा आत सोडत नाही, आणि वॉचमन असतो आमच्याच गावचा.

मॅडम मला सातवीपासून गणित शिकवायच्या. एकदा माझी वही बघून म्हणाल्या होत्या, "तुझं डोकं इंजिनिअरचं आहे." ते वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं, नजर लागेल म्हणून. मला मॅडम आवडायच्या. आईपेक्षा जास्त, हेही सांगून टाकते. त्याच मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "तुझी विमानतळ बॅचमध्ये निवड झाली." मी विमानच डोळ्यांपुढे आणलं. कशासाठी निवड, हे विचारलंसुद्धा नाही.

घरी सांगितलं आणि काकाने नाक्यावर फ्लेक्स लावला. आमच्याकडे बारसं असो, वाढदिवस असो, फ्लेक्स लागतोच. माझा फोटो, मागे ढगातलं विमान, खाली अख्ख्या भावकीची तोंडं. 'विमान क्षेत्रात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मावरं विकायला निघालेल्या बायका मासळीची टोपली डोक्यावर घेऊन थांबायच्या. "काय गो, इमान उडवनार का तू?" मी हसायचे.

मग बॅच सुरू झाली. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. फरशी कशी पुसायची. ट्रॉली कशी ढकलायची. रुमालाची घडी, 'गुड मॉर्निंग सर', मान किती झुकवायची. हजेरी सुरू झाली की पाटील, म्हात्रे, घरत, ठाकूर, परत पाटील; सगळी जमीन गेलेल्या गावांतली. इरासारख्या मोठ्या सोसायटीत राहणाऱ्यांचं एक नाव नाही. ती मुलं वरच्या मजल्यावर, नव्या लॅबमध्ये. गणिताच्या जादा तासाला तीच, कॉम्प्युटरला तीच. त्या वेळी आम्ही खाली फडका पिळायचो.

मी मॅडमना गाठलं. "मॅडम, मला गणिताला बसायचंय."

"अगं, व्यवहारी हो. तुमच्यात मुलींची लग्नं लवकर होतात. हे हाताशी असलं तर विमानतळावर नोकरी तरी लागेल."

माझं डोकं इंजिनिअरचं आहे म्हणणाऱ्या बाई त्या. मारलं असतं तरी चाललं असतं. घरी मी काहीच बोलले नाही. नाक्यावरून जाताना मान खाली घालायचे, वर फ्लेक्सवर मीच हसत होते म्हणून.

भविष्य दिनाला जमीन गेलेल्या पालकांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, मागच्या रांगेत बसले. पोरगी विमानाचं काहीतरी करून दाखवणार म्हणून. मुख्याध्यापक माइकवरून सांगत होते, "आम्ही प्रत्येक मुलाला त्याच्या भविष्यासाठी तयार करतो." तेवढ्यात इरा दीदी म्हणाली. मी वळून पाहिलं. बाबा माझ्याकडेच बघत होते.

मी ट्रे टेबलावर ठेवला. एप्रन सोडला.

"मी नाय देनार," मी म्हणाले. त्या शाळेत गिळून टाकलेली माझी बोली, मोठ्याने बाहेर आली.

"तमाशा करू नकोस. वर्गात बोलू," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

"वर्गातून तर तुमीच काढलं मला."

बाबा उठले. सत्कारात मिळालेली शाल खुर्चीवर तशीच ठेवली. "चल," एवढंच म्हणाले. नाक्यावर फ्लेक्सखाली थांबले तेव्हा बोलले. "जमीन घेतली तवा पन सरकारवाले असंच बोलले होते. पोरांचं भलं होईल."

मी रडले नाही. काकाकडून कोयती आणली, खांबावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. काका खालून ओरडत होता, बाबांनी त्याला धरून ठेवलं.

घोकंपट्टी बंद करा, हाताला काम शिकवा, मला मान्य आहे. कामाची लाज कुणाला? माझी आई पहाटे खाडीत कमरेएवढ्या चिखलात उभी राहते, तिच्यावरच घर चालतं. पण मग फडका सगळ्यांच्या हातात द्या आणि रिमोटही सगळ्यांच्या हातात द्या. जन्म बघून भविष्य वाटायचं असेल तर त्यासाठी शाळा कशाला लागते? ते काम गाव आधीपासून करत आलंय.

सोमवारी मी तळमजल्यावर गेले नाही. जिना चढले. लॅबमध्ये मॅडमचाच तास होता. इराशेजारची खुर्ची ओढून बसले आणि निळा एप्रन दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला.

इराने या वेळी मान वर केली.

"तुझी बॅच खाली आहे," मॅडम म्हणाल्या.

"पाळी लावा, मॅडम. आज ती पुसंल, उद्या मी. ड्रोन पन तसाच. नायतर ह्यो एप्रन कोनीच घालनार नाय."

"ऊठ."

मी वही उघडली.

"ऊठ म्हणते ना!"

मी उठले नाही. उठणारही नाही.