तळ्याकाठचा फ्लॅट

धायरीत फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा ते एकदाच भेटले. कडक इस्त्रीचा सदरा, मनगटात सोन्याचं कडं. शेजारच्या प्लॉटवर, पाण्यानं भरलेल्या प्रचंड खड्ड्याच्या काठाशी ते प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. जमीन त्यांचीच. बिल्डरनं तळघरासाठी खड्डा खणला आणि काम सोडून दिलं, म्हणून त्यांनी करार रद्द केला. बिल्डर कोर्टात गेला. कोर्टानं ‘जैसे थे’चा आदेश दिला. पावसाला तो लागू नसल्यामुळे खड्डा भरला.

“मग पाणी उपसत का नाही?” मी विचारलं.

“पंप लावला होता. त्यांचा वकील म्हणाला, हा आदेशाचा भंग हाय.” बोलताबोलता त्यांनी एक खडा पाण्यात टाकला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

माझ्या हातातल्या माहितीपत्रकावर हेच पाणी निळंशार छापलं होतं. खाली ‘लेक व्ह्यू’. त्यांनी ते लांब धरून निरखून पाहिलं.

“घ्या की फ्लॅट. आमचा वकील म्हणतो, नातवाच्या लग्नापर्यंत तळं हलत नाय. नातू आत्ता बालवाडीत हाय.”

इतकी भक्कम हमी मला कुठल्याच बिल्डरनं दिली नव्हती. मी त्याच दिवशी बुकिंग केलं.