काळी पाचच्या जागी काळी चार

अहो, जरा पुढं सरका. पेटीची गोष्ट अशी लांब बसून ऐकायची नसते. आणि आधीच एक बोलून घेते, राग मानू नका. म्हातारा माणूस गायला बसला की तुम्ही लोक एकमेकांच्या कानाला लागता, "या वयातसुद्धा गातात बघा!" ऐकू जातं हो त्यांना. गाणाऱ्याचा गळा आधी जातो, कान शेवटपर्यंत शाबूत असतात. एवढं ध्यानात ठेवा आणि मग ऐका.

तर सखारामबुवा माझ्यासमोर बसले होते. पेटी मांडीवर, दोन्ही हात पेटीवर, आणि मला काही ती देत नव्हते.

"बुवा, पेटी दिल्याबिगर मी बघू काय?"

"आदी दार लोटा, ताई."

"दार कशाला? केवढं उकडतंय."

"लोटा म्हन्तो ना."

लोटलं दार. चैत्राचं ऊन, वर पत्रा, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं दार लोटून बसलो. शेजारीण काय म्हणाली असेल देव जाणे.

मी पेट्या दुरुस्त करते. पेटी म्हणजे हार्मोनियम. पारनेरला घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. कुणी शिकवलं नाही मला. मालक एसटीत मेकॅनिक होते, त्यांचे स्क्रूड्रायव्हर घरात पडलेले असायचे. एकदा शाळेतली मोडकी पेटी भंगारात निघाली होती, ती घरी आणली आणि खोलली. परत बसवायला दोन महिने लागले. पण त्या दोन महिन्यांत जे कळलं त्याच्यावर पस्तीस वर्षं काढली. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात, दोन स्क्रूंनी पाटीवर बसवलेल्या. त्याला कुणी रीड म्हणतं, आम्ही सूर म्हणतो. भात्याचा वारा गेला की जीभ थरथरते आणि बोलते. बस, एवढीच पेटी. बाकी सगळं लाकूड.

सखारामबुवा डोंगरापलीकडच्या गावचे. वय शहात्तर. पन्नास वर्षं भजन गातात, आणि तेही काळी पाचमध्ये. हे जरा समजून घ्या, नाहीतर पुढं अडाल. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, एकेका पट्टीचं एकेक घर. गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, पुरुषाला लई उंच. भल्याभल्यांचा दम निघतो. बुवा तिथून सुरू करायचे आणि वरच्या सा ला जाऊन उभे राहायचे. आसपासच्या गावांत त्यांना काळी पाचवाले बुवाच म्हणतात. आडनाव निम्म्यांना ठाऊक नाही.

"बोला आता, काय झालंय पेटीला?"

"पेटीला काय झालं न्हाई." बुवांनी खाली बघितलं. "मला झालंय. वर जाईना आता. दोन वर्सं झाली, वरचा सा लागत न्हाई. लागला तर फाटतो."

"मग उतरा की दोन घरं. काळी चार घ्या. कोण नाही म्हणतंय?"

"सारा गाव म्हनंल! पखवाजवाला गेनू दर टायमाला इचारतो, 'बुवा, पट्टी?' सगळा मांडव कान लावून बसतो. मी काळी चार म्हनलो का झालं. बुवा संपला." मग हळूच म्हणाले, "तुमी पेटीच उतरवा. मी बोट काळी पाचवर ठेवतो, आत काळी चार वाजू द्या. भाईर काय कळाय नको."

पस्तीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी म्हटलं, "स्केल चेंजर घ्या ना. कळ सरकवली की सगळी पट्टी खाली-वर होते."

"ती कळ सरकवताना लोकांस्नी दिसती, ताई."

तेही खरं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"यात्रेत गावानं माजा सत्कार ठिवलाय. शाल काय वो, मेल्यावर बी घालत्यात. मला गाऊन घ्यायची हाय. न्हाई जमलं तर पेटी दुसऱ्याच्या फुडं ठिवतो आन टाळ घेऊन मागं बसतो. पुन्हा गायचं नाव न्हाई काढनार."

आवाजात रडगाणं नव्हतं. ठरवून आलेले होते. म्हणजे मी स्क्रू फिरवला तर माणूस गाणार, नाहीतर गाणं बंद. मी पेटी ठेवून घेतली.

सूर उतरवायचा तर जिभेच्या बुडाशी कानस मारायची. टोकाशी मारली की सूर चढतो, बुडाशी मारली की उतरतो. पण दोन घरं उतरवायला एवढं पितळ खरवडलं तर जिभा तुटतात. त्या पेटीत सत्तरच्या वर जिभा. मग मी दुसरा रस्ता धरला. सगळ्या जिभा काढल्या आणि प्रत्येक जीभ दोन घरं उजवीकडं सरकवून बसवली. खालची मोठी जीभ वरच्या घरात थोडी अडते, तिथं घर कानसून मोठं केलं. डावीकडं जी घरं रिकामी राहिली, तिथं एका भंगार पेटीतले खर्जाचे सूर बसवले. उजवीकडच्या उरलेल्या जिभा डबीत घालून जपून ठेवल्या. चार दिवस गेले. नातीनं मोबाईलवर ट्यूनर टाकून दिलाय, सूर लागला की काटा मधोमध येतो. काळी पाच दाबली. मोबाईल म्हणाला, काळी चार. मी खूश. स्वतःलाच चहा करून घेतला.

बुवा येऊन पेटी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "यात्रेला या. आन कुनाला बोलू नका."

यात्रेच्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता माझा हात थांबला. अगं बाई, पखवाज!

पखवाज पेटीच्या सा ला लावतात. गेनभाऊंचा पखवाज पन्नास वर्षं काळी पाचला लावलेला. बुवा पेटी वाजवणार आणि गेनभाऊ पहिली थाप टाकणार की झालं, दोघांचं भांडण सगळ्या मांडवाला ऐकू जाणार. मी मोबाईलला विचारलं, पेटीला विचारलं, पण पेटी कुणाबरोबर वाजणार हे विचारलंच नाही. तवा तसाच उतरवला आणि मिळेल त्या जीपमधे बसले.

गेनभाऊ देवळामागं लिंबाखाली पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावत बसले होते. सत्तरीचे, सुप्याच्या कंपनीतून रिटायर झालेले. आमच्या मालकांचे दोस्त, म्हणून मला वैनी म्हणतात.

"या वैनी! सत्काराला आल्या?"

"गेनभाऊ, पखवाज जरा उतरवता का?"

"कितीनं?"

"दोन घरं."

त्यांनी कणकेचा हात झटकला. माझ्याकडं बघितलं. मग एकदम हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"म्हंजी बुवा तुमच्याकडं आल्ते! तरीच पेटी चार-पाच दिस घरात नव्हती. वैनी, मी दोन वर्सं काय करतोय म्हाईत हाय का? बुवा वर चढाय लागले का थाप मोठी टाकतो. टाळवाल्यास्नी डोळ्यानं खुनवतो, तेबी झोडत्यात. गावाला ठावं हाय, पन आवाज फाटला तरी भाईरच्याला कळाय नको."

"बुवांना माहीत आहे हे?"

"कशाचं! त्यास्नी वाटतं म्हातारपनी माजा हात सुटलाय. समद्यांम्होरं शिव्या देत्यात."

मी खालीच बसले. बुवा गावापासून लपवतात, गाव बुवांपासून लपवतंय, आणि मधे मी चार दिवस कानस घासून आले.

"पण हा उतरेल का हो?"

"ह्यो न्हाई उतरायचा. कातडं ढिलं पडंल, डबा वाजवल्यावानी वाजंल. पन कंपनीतल्या भजनी मंडळाचा पखवाज हाय घरी माळ्यावर. काळी चारचाच हाय." आणि सत्तरीचा माणूस धोतर सावरत घराकडं पळाला.

दुपार कलल्यावर मांडव भरला. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा होता, त्यामुळे बाहेरगावचे पैलवानही येऊन बसलेले. बुवांनी पेटी पुढं ओढली. गेनभाऊंनी तोंड अगदी साधं ठेवून विचारलं, "बुवा, पट्टी?"

"काळी पाच."

"काळी पाच!" गेनभाऊ मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले आणि थाप टाकली. पेटीशी एक झाली. बुवांचं पट्टीवरचं बोट थांबलं. त्यांनी गेनभाऊंकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पदराच्या दशा मोजत बसले.

मग गायले. काय सांगू तुम्हाला. मी त्यांना कित्येकदा ऐकलं होतं, पण तेव्हा लक्ष सगळं उंचीकडं असायचं. आता पोचतात का, मग पोचतात का. त्या दिवशी मला पहिल्यांदा अभंगाचे शब्द ऐकू आले. वरच्या सा ला गेले ते जिना चढून गेल्यासारखे, हळू, आणि तिथं बसले. गेनभाऊंनी थाप इतकी बारीक ठेवली की बुवांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, झालं, जिंकलो.

पण आमच्याकडं एक रीत आहे. यजमान बुवांचं झालं की तीच पेटी पाहुण्या मंडळाकडं सरकवतात. पाहुण्यानं स्वतःची पेटी उघडायची नाही. उघडली तर यजमानाच्या पेटीला नावं ठेवल्यासारखं होतं. पाहुणं मंडळ मिरजगावचं, बायकांचं. म्होरकी सुनीताबाई, चाळिशीची अंगणवाडी सेविका, गोड गळ्याची. तिनं पेटी घेतली आणि बोट ठेवलं. काळी पाचवर. बायकांची नेहमीची पट्टी.

गेनभाऊंनी माझ्याकडं बघितलं. दोघांच्याही डोक्यात हे आलंच नव्हतं.

सुनीताबाई गायला लागली आणि खाली खाली जायला लागली. खालचा सूर आला की नुसता वारा. ती खाकरली. पाणी प्याली. "सर्दी झालीय जरा," म्हणाली. परत धरलं. परत तेच. तिच्या मागच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, जेवन न्हाई का मिळालं?" मांडव हसला. तिचं तोंड लालबुंद. बोट पट्टीवरून निघालं. कपाळावर घाम. आपला गळा गेला असंच तिला वाटलं असणार.

चूक माझी होती. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले. पण माझ्याआधी बुवांनी माईक ओढला.

"थांब पोरी. तुजा गळा चांगला हाय. पेटी खोटी हाय."

बुवांनी पेटीवर हात ठेवला.

"माजा आवाज आता काळी पाचला जात न्हाई. म्हनून म्या पेटीच उतरवून घेतली, दोन घरं. तुमाला कळू नये म्हनून. आत्ता गायलो ती काळी चार हुती." एवढं बोलून बुवा सत्काराच्या खुर्चीकडं न बघता खाली बघत राहिले.

मग पुढच्या रांगेतून तुकाराम वस्ताद काठी टेकत उठले. ऐंशीचे. एके काळी हगाम्यातली शेवटची कुस्ती त्यांचीच असायची.

"बुवा, माजं गुडघं गेलं ते साऱ्या गावानं बघितलं. म्या आता पंच म्हनून बसतो, लांग लावून आखाड्यात उतरत न्हाई. तरी पोरं पाया पडत्यात. आन तुमी गळा झाकून ठिवता व्हय? आमाला कान न्हाईत का?"

"दोन वर्सं झाली बुवा," गेनभाऊ म्हणाले. "ठावं हाय समद्यास्नी."

बुवांनी मान वर केली. "म्हनून तू ढोल बडवल्यावानी बडवत हुतास व्हय रं?"

"मग काय हौस हुती मला?"

तेव्हा मांडव जो हसला, तो तिथल्या मारुतीलाही ऐकू गेला असेल. सुनीताबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बुवांनी पेटी स्वतःकडं ओढली. "तू नुसती गा. पेटी मी धरतो." दोन घरं वर, पांढरी एकवर त्यांनी बोट ठेवलं. म्हणजे आत तिची काळी पाच वाजली. गेनभाऊंनी आपला जुना पखवाज पुढं घेतला. आणि सुनीताबाई अशी गायली की ओरडणारा माणूस उठून मागं जाऊन बसला. बुवा डोळे मिटून तिच्या मागं मागं पेटी धरत होते. शालीची आठवण सरपंचांना भजन संपल्यावर झाली.

आठवड्यानं बुवा पेटी घेऊन परत आले. दार मीच लोटायला निघाले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या उगडं."

"बोला."

"सूर पयल्या जागी न्या. पेटी सगळ्यांनी वाजवायची असती. मी बोट काळी चारवर ठिवीन. गेनूनं इचारलं का सांगीन बी."

डबीतल्या जिभा काढल्या आणि सगळे सूर पुन्हा जागच्या जागी नेले. कानसलेल्या घरांना कडेनं लाकडाच्या बारीक चिपा चिकटवाव्या लागल्या. पाच दिवस गेले. उतरवायला चार आणि चढवायला पाच, असंच असतं.

या सगळ्यातून मी काय शिकले, तर एवढंच. पेटी एकटीनं तपासून देत नाही. पखवाजवाल्याला बोलावते, जमलं तर दोन गाणारेही. आणि पेटीत काही इकडचं तिकडं केलं तर झाकणाच्या आत खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते. दुसरा कुणीतरी त्या पेटीवर बोट ठेवणारच असतो.

बुवा आता सत्त्याहत्तरचे झाले. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या दुकानासमोर बैठक असते, गेनभाऊ येतात, कधी सुनीताबाईही येते. गेल्या महिन्यापासून बुवा मधूनच पांढरी पाच म्हणतात, म्हणजे आणखी एक घर खाली. कुणी मान वळवत नाही. चहा मी करते, बसायला सतरंजी आहे. तुम्ही एकदा या. पण बघू, करू, असं म्हणत बसू नका. या गुरुवारी नाही जमलं तर पुढच्या गुरुवारी तरी याच.